आमचं घोडं नेमकं कुठे अडलं?

मराठीत घोड्यावरून बोलायला काही कमी नाही. वरातीमागून घोडं येतं, घोडामैदान जवळ असतं, गंगेत घोडं न्हातं, आणि बरेचदा कुठेतरी घोडं अडतं. हे शेवटचं आमच्या घरात अक्षरशः घडेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. आमचं घोडं गेल्या उन्हाळ्यात डेन्व्हरजवळच्या एका ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर अडलं. त्याचीच ही हकीकत.

आधी घोडं आलं कुठून ते सांगायला हवं. इथे वाढलेल्या आमच्या कन्येला कथक, पियानो, बुद्धिबळ असं सगळं लावून पाहिलं. तिचा जीव रमला तो ४-एचच्या घोड्यांमध्ये. चार वर्षं तबेल्यातली लीद उपसून झाल्यावर सतरा वर्षांची एक शांत, तांबूस घोडी अगदी स्वस्तात तिच्या पदरात पडली. पुण्याच्या आजीला फोनवर रंग सांगितला तशी आजी म्हणाली, "मग कपिला म्हणा." कपिला हे गायीचं नाव हे तिला समजावून सांगेपर्यंत बारसं उरकलं होतं. तेव्हापासून रॉकी पर्वताच्या पायथ्याशी कपिला नावाची एक अमेरिकन घोडी हरभऱ्याच्या चंदीऐवजी अल्फाल्फा खात सुखाने नांदते आहे.

जुलैत कन्येच्या क्लबचा ब्यूना व्हिस्टाजवळ आठवड्याचा मुक्काम ठरला. (स्पॅनिश नाव असलं तरी गावकरी 'ब्यूना'च म्हणतात. 'ब्वेना' म्हटलं की तुम्ही बाहेरचे हे लगेच ओळखू येतं.) आमच्याकडून अंतर साधारण १२० मैल. कन्येने तिच्या जिवलग मैत्रिणीला शब्द देऊन टाकला, "तुझा घोडा आमच्या ट्रेलरमध्ये येईल." ट्रेलर आमचा नव्हताच, तबेल्यातल्याच एका सज्जन गृहस्थांचा होता आणि त्यांनी तो आपणहून देऊ केला होता. आमचा होता फक्त पिकअप ट्रक: जुना, पण धडधाकट, ज्याला इथे 'हाफ-टन' म्हणतात तसला. फर्निचर, माती, आणि एकदा गणपतीचं अख्खं मखर, एवढंच त्याने आजवर वाहिलेलं.

हा ट्रक हा ट्रेलर ओढू शकेल का? प्रश्न आम्हाला पडला खरा, पण फार वेळ नाही. ट्रकच्या माहितीपत्रकात ९,२०० पौंड ओढण्याची क्षमता छापलेली. आता आमचा हिशेब पाहा. रिकामा ट्रेलर ३,२०० पौंड, कपिला ११००, मैत्रिणीचा घोडा ११५०, खोगिरं, पाणी, खाणं मिळून ३५०. एकूण ५,८००. म्हणजे तब्बल ३,४०० पौंडांची सवड! मंडळाच्या पिकनिकला विषय निघाला तेव्हा बोटवाले एक गृहस्थ कणसाला लिंबू-मीठ चोळत म्हणाले, "अहो, काही होत नाही. व्ही-एट आहे ना? मग झालं तर." आम्हालाही ते पटलं. आम्ही दोघंही इंजिनियर, दोघांच्याही मास्टर्सच्या डिग्र्या भिंतीवर, आणि तरीही माहितीपत्रकातल्या एका आकड्यावर विसंबून आम्ही जवळजवळ निघालोच होतो. हे लिहायला आजही जरा जड जातं.

आम्हाला अडवलं ते तबेल्याच्या मालकीणबाईंनी. वय सत्तरीपुढचं, बोलणं मोजकं. तबेल्यात सगळे त्यांना वचकून असतात, घोडेसुद्धा. आमचा बेत ऐकून त्यांनी एकच विचारलं, "ओढेल हो. थांबवेल का?" आणि मग ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून चौकटीवरच्या पिवळ्या लेबलावर बोट ठेवलं. ट्रक घेऊन सहा वर्षं झाली होती, दार रोज उघडत होतो, आणि ते लेबल आम्ही कधी वाचलं नव्हतं.

त्यावर लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर कधीही जाऊ नये. आमच्या ट्रकचा आकडा होता १,४२०. आजी म्हणाल्या, "ट्रेलरचं नाक तुमच्या ट्रकवर टेकतं ना? ते वजन यातच धरायचं."

इथे आमच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो कॉलेजच्या पुस्तकातला नव्हता, बैलगाडीचा होता. गाडी भरताना ओझं मागे फार झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझं पुढे फार झालं की बैलांच्या मानेवर येतं. जुना गाडीवान वैरण भरताना जुवाखाली हात घालून उचलून बघायचा आणि त्यावरून एखादी पेंढी मागेपुढे करायचा. टांगेवालासुद्धा मागच्या बाजूला दोन लठ्ठ माणसं बसली की एकाला पुढे घ्यायचा. ट्रेलरचं अगदी तेच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर यायला हवा. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि ती हालचाल वाढत गेली तर ट्रकलाही घेऊन जातो. म्हणजे हा भार टाळता येत नाही, टाळूही नये. ५,८०० पौंडांच्या ट्रेलरचा नाकावरचा भार ५८० ते ८७० च्या दरम्यान कुठेतरी येणार. आणि तो जाणार त्या १,४२० मधूनच.

आता बाकीचे वाटेकरी मोजा. आम्ही दोघं आणि दोन मुली, ५३० पौंड. ट्रकच्या मागच्या हौद्यावर आधीच्या मालकाने बसवलेलं फायबरग्लासचं टप, १८० पौंड. ते कारखान्यातून आलेलं नसल्यामुळे लेबलात धरलेलं नाही. चाऱ्याच्या चार गाठी, दोनशे पौंड. (कोलोराडोत राष्ट्रीय वनाच्या हद्दीत तण नसल्याचं प्रमाणपत्र असलेलाच चारा न्यावा लागतो, त्यामुळे तिथे गेल्यावर बघू म्हणायची सोय नाही.) तंबू, कूलर, भांडीकुंडी ११५. हिचचा लोखंडी दांडा आणि गोळा २५. बेरीज १,०५०. शिल्लक ३७०. आणि त्यावर टेकणार ट्रेलरचं नाक! पानिपतावर बाजारबुणग्यांनी घात केला म्हणतात, तशीच आमची गत होती. घोडे आम्हाला जड झालेच नव्हते, जड झालो होतो आम्ही आणि आमचे तंबू.

मग माहितीपत्रकातले ९,२०० आले कुठून? खोटे नव्हतेच ते. अमेरिकेत पिकअप ट्रक बनवणाऱ्यांनी मान्य केलेली 'एसएई जे-२८०७' नावाची प्रमाण चाचणी आहे. त्यात ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस, प्रत्येकी १५० पौंडांचा, असं गृहीत धरतात. टप, चारा, मैत्रीण, कूलर यांचा त्यात विचार नाही. चढाची परीक्षा होते ती ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर. तो घाट ११.४ मैलांचा आणि अवघड आहे, पण त्याचा माथा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या आसपास. आमचं डेन्व्हरच ५,२८० फुटांवर! त्यांची परीक्षा जिथे संपते त्याच्याही वर आमचं अंगण. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. दहा हजार फुटांवरच्या खिंडीत आमच्या व्ही-एटचे तीस टक्के घोडे गळालेले असणार. बोटवाल्यांना हे सांगायला हवं होतं, पण त्यांची बोट डेन्व्हरच्याच एका तळ्यावर जाते.

हिशेब कागदावर झाला तरी आमचा हट्ट काही जाईना. कागद कागदाच्या जागी, आपण प्रत्यक्ष तोलून बघू, असं ठरवून एका रविवारी सगळा लवाजमा सजवला. दोन्ही घोडे, दोन्ही मुली, चारा, तंबू, सगळं. हळूहळू, अगदी सपाट रस्त्याने तीन मैलांवरच्या ट्रक-स्टॉपपर्यंत गेलो.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठीचे हे काटे कोणालाही वापरता येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. जमिनीत लांबच लांब तीन फलाट असतात. ट्रकची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर अशी गाडी उभी करायची आणि खांबावरचं बटण दाबून आत सांगायचं. आतून आवाज आला, "कंपनी कोणती? ट्रक नंबर?" आम्ही म्हटलं, "कंपनी नाही, कुटुंब आहे." मागे अठरा चाकांच्या ट्रकचे चार दाढीवाले ड्रायव्हर खोळंबलेले. कपिलाने नेमकं तेव्हाच पाय आपटून आपलं मत मांडलं. मग बाजूला जाऊन ट्रेलर सोडला, त्याच्यापाशी आजींना उभं केलं, आणि नुसता ट्रक माणसं-सामानासकट पुन्हा तोलला. पिझ्झ्याच्या खर्चात दोन चिठ्ठ्या हातात आल्या.

नुसता ट्रक ६,६३० पौंड. ट्रेलर जोडल्यावर ट्रकच्या चारही चाकांवर मिळून ७,३७०. वजाबाकी ७४०, म्हणजे नाकावरचा भार ट्रेलरच्या पावणेतेरा टक्के. भरणी अगदी आदर्श होती! गाडीवानाने शाबासकी दिली असती. पण ट्रकची स्वतःची कमाल मर्यादा ७,००० आणि आम्ही तिच्या ३७० पुढे. मागच्या आसाची मर्यादा ३,८५०, काट्यावर आले ४,१८५. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या चाकांवरचं वजन ट्रेलर जोडताच ३,४४० वरून ३,१८५ वर आलं होतं. हिच मागच्या चाकांच्या बऱ्याच मागे असतो. तिथे खाली दाबलं की सी-सॉसारखं पुढचं टोक उचललं जातं. ज्या चाकांनी वळायचं आणि थांबताना ज्यांच्यावर सर्वाधिक भिस्त, त्याच चाकांवरून २५५ पौंड उठले होते. वाकून हिचवरचं लेबल वाचलं तर त्यावर लिहिलेलं, नुसत्या गोळ्यावर कमाल ट्रेलर ५,०००, नाकावर ५००. त्याहून जास्त हवं तर वजन वाटणाऱ्या कमानी लावा. आमच्याकडे होता नुसता गोळा.

म्हणजे एकूण चार मर्यादा मोडल्या होत्या, आणि ज्या एकाच आकड्यावर आम्ही भरवसा ठेवला होता, ते ९,२०० तेवढे शाबूत होते.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. घरी आल्यावर कन्या म्हणाली, "म्हणजे मी तिला आता 'नाही' सांगायचं?" आणि मग, "तुम्ही दोघं इंजिनियर ना? मग काहीतरी करा." ती रडली असती तर परवडलं असतं. ती नुसती आमच्याकडे बघत राहिली. घोड्यावरून अटकेपर्यंत गेलेल्यांचे आपण वंशज म्हणवतो, आणि एका शांत घोडीला १२० मैल नेता येईना! खरं सांगायचं तर त्या रात्री आमच्यातही वाद झाला. एकाचं म्हणणं, ३७० पौंड म्हणजे काय, पाच टक्केच ना, डिझाइनमध्ये तेवढी सवड असतेच. दुसऱ्याचं म्हणणं, ती सवड कशासाठी ठेवलेली असते? खड्ड्यासाठी, वाऱ्यासाठी, अचानक समोर येणाऱ्या हरणासाठी. ती आपण घरातून निघतानाच खर्च करायची नसते. आपण ऑफिसात कोणाला असा पूल पास करू दिला असता का? यावर उत्तर नव्हतं. कोण कोणत्या बाजूला होतं ते मात्र इथे लिहिणार नाही.

उपाय निघाला तो तसा बाळबोध. एका खेपेत जमत नाही ना, मग दोन खेपा. गुरुवारी कपिला, शुक्रवारी मैत्रिणीचा घोडा. टप उतरवून गराजमध्ये. चारा थोडा थोडा, दोन वेळा. एक घोडा धरला तर ट्रेलर ४,५०० पौंडांचा, नाकावर साधारण ५६०. तीन माणसं ४१५, वजन वाटणारा हिच ९०, किरकोळ सामान साठ. सगळं मिळून सव्वाअकराशे. १,४२० च्या आत, आणि तीनशे पौंड खड्ड्यांच्या आणि हरणांच्या नावे शिल्लक. वजन वाटणाऱ्या हिचबद्दल एक सांगून ठेवतो, कारण याबाबत फार गैरसमज आहे. त्याच्या कमानी मागच्या चाकांवरचा बोजा पुढे ढकलतात, थोडा ट्रेलरच्या चाकांवर देतात, सुकाणू पुन्हा जमिनीला लागतं. पण ट्रकची मूळ मर्यादा त्याने एक पौंडही वाढत नाही.

राहिला ट्रेलर. उसना घेतलेला, म्हणजे 'धर्माची गाय आणि दात का गं नाही' असं विचारायची पंचाईत. पण आजींनी आमच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि रबरी चटया उचलायला लावल्या. घोड्यांच्या ट्रेलरचा तळ बहुधा लाकडी फळ्यांचा. चटईखाली मूत्र मुरत राहतं आणि फळी वरून चांगली दिसत असली तरी आतून कुजते. पुढच्या चार फळ्यांना पातं लागेना. मागे, घोड्याचे मागचे पाय येतात तिथे, ते अर्धा इंच आत गेलं. लोण्यात जावं तसं. आम्ही तिघंही काही क्षण तिथेच उकिडवे बसून राहिलो. ताशी पंचावन्न मैलांनी धावणारा रस्ता त्या फळीच्या खाली होता आणि वर अकराशे पौंडांची कपिला उभी राहणार होती. काट्यापर्यंतच्या त्या तीन मैलांत ती उभी होतीच.

टायरांवर नक्षी भरपूर होती, पण बाजूला दहा वर्षांपूर्वीचा शिक्का. (टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे.) ट्रेलर उन्हात उभे असतात, त्यांचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. ट्रेलर ट्रकपासून सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी एक छोटी बॅटरी असते, ती पूर्ण मेलेली. गृहस्थांना हे सांगायचं कसं याची दोन दिवस तालीम केली. सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मागच्याच महिन्यात मी माझ्या नातीचं तट्टू यातून नेलं." फळ्या त्यांनी स्वतः बदलल्या, टायर आणि बॅटरी आम्ही.

आणखी एक सोपस्कार राहिला. कोलोराडोत घोड्याला ७५ मैलांच्या पलीकडे न्यायचं तर सरकारी निरीक्षकाकडून मालकीची तपासणी लागते. घोडेचोरीच्या जमान्यातला हा कायदा अजून चालू आहे. निरीक्षक आले, त्यांनी कपिलेच्या कपाळावरचा पांढरा ठिपका, पायावरच्या खुणा टिपल्या, आणि तिला कायमचं कार्ड देऊन टाकलं! मालक बदलेपर्यंत चालेल म्हणाले. आम्हाला आमचं कायमचं कार्ड मिळायला किती वर्षं आणि किती वकील लागले याची आठवण येऊन आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कपिला मात्र निर्विकार होती.

गुरुवारी पहाटे पाचला निघालो. जुलैत इथल्या डोंगरांत दुपारी वादळ, विजा ठरलेल्या, त्यामुळे दुपारच्या आत पठार ओलांडायचं. एकटा घोडा असला की त्याला डावीकडच्या कप्प्यात उभा करायचा, कारण रस्ता मध्ये उंच असतो आणि उजवीकडे उतरता. निघण्यापूर्वी तबेल्याच्या आवारातच हाताने ट्रेलरचे ब्रेक दाबून पाहिले. आजींचं शेवटचं बजावणं होतं, ट्रेलर झुलायला लागला तर ट्रकच्या ब्रेकवर पाय मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच दाबायचे.

यू.एस. २८५ हा रस्ता डेन्व्हरच्या नैऋत्येला टर्की क्रीकच्या घळीतून डोंगरात शिरतो. कोनिफर, पाइन जंक्शन, आणि मग बेलीच्या अलीकडचा क्रो हिलचा उतार. हा उतार आम्ही स्कीइंगला, कॅम्पिंगला जाताना शंभरदा उतरलो असू, पण तो उतार आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माथ्यावरच वेग कमी केला, गिअर खाली घेतला, इंजिनाला गुरगुरू दिलं. आपल्या बोरघाटाच्या उतारावर एस.टी.चे ड्रायव्हर हेच करायचे. आगगाडीचं तर विचारूच नका. १८६३ सालच्या त्या रेल्वे घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे आणि चढताना कर्जतहून मागे जादा इंजिनं लावतात. उतरताना गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला वळवायला चढावर जाणारे आडमार्ग ठेवलेले आहेत. कोलोराडोच्या मोठ्या घाटांत बेभान ट्रकांसाठी वाळूचे चढ असतात ते याच जातीचे. लहानपणी खिडकीतून दिसणारा कुठेच न जाणारा तो रूळ कशासाठी, हे वडिलांना विचारल्याचं आठवतं.

मागे दहा-बारा गाड्यांची रांग झाली. वेग पंचावन्नच्या वर न्यायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं. पंचावन्नावरून पासष्टवर गेलं की थांबवायची ऊर्जा चाळीस टक्क्यांनी वाढते, आणि मागे उभ्या असलेल्या जनावराला पुढचं वळण दिसत नसतं. गोणी असती तर बांधून टाकली असती. घोडी चार पायांवर स्वतःला सावरत असते, प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला. म्हणून सगळं सावकाश. जागा मिळाली की बाजूला घेऊन रांगेला वाट देत होतो. एकाने जाताना हात हलवला, दुसऱ्याने वेगळ्या प्रकारे हलवला.

बेलीला उतरून चाकांच्या तुंब्यांवर हात ठेवून पाहिले. कोमट होते, हात ठेवता येत होता. कपिलेला पाणी दाखवलं, ती प्याली नाही, पण कान पुढे होते. ग्रँटच्या पुढे केनोशाचा चढ लागला. ट्रक पस्तीस-चाळीसवर आला आणि तिथेच राहिला. गळालेले तीस टक्के घोडे कानाला ऐकू येत होते. दोन घोडे आणि तंबू घेऊन इथे आलो असतो तर काय झालं असतं हे कोणी बोललं नाही. कन्या काट्यावरची चिठ्ठी हातात घेऊन बसली होती, ती तिने घडी करून खिशात ठेवली.

केनोशाची खिंड १०,००० फुटांवर. ॲस्पेनची झाडं संपतात, रस्ता एक वळण घेतो आणि समोर एकदम साउथ पार्कचं पठार उघडतं. कितीही वेळा पाहिलं तरी दर वेळी गाडीतलं बोलणं इथे थांबतंच. नजर पोचेल तिथवर गवत, कडेने बर्फाचे चट्टे असलेले डोंगर, आणि वर नुसतं आकाश. डेन्व्हरहून निघालेली अरुंद रुळांची रेल्वे १८७९ साली याच खिंडीतून पलीकडे उतरली. १९३७ मध्ये ती बंद पडली, रूळ उखडले गेले. पठारावर कोमो गावात त्या रेल्वेचं १८८१ सालचं गोल दगडी इंजिनघर अजून उभं आहे. आम्ही खिंडीत थांबलो. कपिलेने खिडकीतून नाक बाहेर काढलं, पठाराचा वारा हुंगला, आणि आता बादलीभर पाणी एका दमात प्याली.

पठारावर वारा आडवा होता. ट्रेलरची सपाट बाजू म्हणजे शीडच. दोनदा थोडं ओढल्यासारखं झालं, पण झुलणं नाही. दूरवर प्राँगहॉर्न हरणं चरत होती. फेअरप्ले, मग ट्राउट क्रीकची खिंड, आणि उतरताना समोर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन. आपल्या लोकांची मुलं जिथे जावीत म्हणून धडपड चालते, ती सगळी एका रांगेत डोंगर होऊन उभी आहेत, चौदा हजार फुटांच्या वर. कन्येने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आरशातून ट्रेलर बघत होती.

पोचायला साडेतीन तासांऐवजी साडेचार लागले. कपिला मागे मागे सरकत उतरली, अंग झाडलं, आणि पहिलं गवत दिसलं तिथे तोंड घातलं. मग आमच्यातलं एक जण कन्येबरोबर तिथे राहिलं आणि एक जण रिकामा ट्रेलर घेऊन परत फिरलं. रिकामा ट्रेलर इतका उड्या मारतो, की भरलेलाच बरा.

शुक्रवारी तीच वेळ, तोच रस्ता, या खेपेला मैत्रीण, तिची आई आणि तिचा घोडा. तो तरुण आणि एकटा, त्यामुळे क्रो हिलपर्यंत भिंतीवर लाथा मारत होता. केनोशाला त्याचाही आवाज थांबला. दुपारी बाराच्या सुमारास छावणीच्या कुंपणाशी वळलो तेव्हा पश्चिमेला ढग जमत होते. ट्रेलरचं दार अजून उघडलंही नव्हतं, तोच कुंपणापलीकडून कपिला मान वर करून खिंकाळली. आतून उत्तर आलं. दोन्ही मुली धावत सुटल्या आणि आम्ही ट्रेलरच्या चाकाखाली ओंडका लावायला वाकलो.